उठून जाणारे लोक

पहिल्या खेळाला समोर एकवीस माणसं होती. मी मोजली, कारण तिथे बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला मागच्या वाटेवरून बॅगपाइपवाले वाजवत गेले आणि एकविसातले नऊ जण उठून त्यांच्यामागे चालू लागले. एक तरुण टर्कीची भाजलेली तंगडी संपेपर्यंत थांबला, मग हाड हातात घेऊन तोही गेला. उरलेल्यांत निम्मे आम्ही पालकच. समोरच्या बुटक्या फळ्यांच्या मंचावर माझी तेरा वर्षांची लेक काळ्या चिंध्यांचा झगा घालून, आणखी दोन चेटकिणींच्या मधे उभी होती. जाणाऱ्यांच्या पाठी बघता बघता तिचं वाक्य मधेच तुटलं.

शाळेच्या नाटकात असं होत नाही. तिथे सभागृहात अंधार असतो, दारं बंद असतात, आणि समोर बसलेला प्रत्येक जण कुणाचा तरी आई, बाप नाही तर आजी असतो. मूल वाक्य विसरलं तरी टाळ्या पडतात, किंबहुना जरा जास्तच पडतात. इथे जत्रेत मात्र लोक उघड्यावर, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलेले. दहा पावलांवर कुणी आग गिळतंय, वीस पावलांवर घोड्यावरचे दोन चिलखती शिपाई भाल्यांनी एकमेकांना पाडतायत. तुझ्याकडे मी का बघू, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त.

मला अण्णाकाका आठवले. त्यांच्याबद्दल सांगायचंय, पण आधी ही जत्रा काय असते ते सांगते.

रेनेसाँ फेअर म्हणजे शनिवार-रविवारपुरतं उभं राहणारं सोळाव्या शतकातलं इंग्लंड. एखादं माळरान किंवा ओकच्या झाडांची राई भाड्याने घ्यायची, तिथे लाकडी दुकानं, लोहाराची भट्टी, मद्याचे पिंप आणि चार-सहा मंच उभे करायचे, आणि दुपारी पहिली एलिझाबेथ राणी लवाजम्यासकट मिरवत आली की सगळ्यांनी ‘हझ्झा!’ म्हणून ओरडायचं. काम करणाऱ्यांना मनगटी घड्याळ चालत नाही, बूट दोरीवाले आधुनिक चालत नाहीत, पाणी मातीच्या मगातून प्यायचं. प्लॅस्टिकच्या फिरत्या संडासालाही तिथे जुना ‘प्रिव्ही’ शब्द लावतात, अर्थात त्याने वासात काही फरक पडत नाही. अमेरिकेत अशा जत्रा ठिकठिकाणी भरतात. आमच्या बाजूची उन्हाळा उतरायच्या सुमाराला भरते, गिलरॉय ओलांडून डोंगरातल्या खिंडीच्या रस्त्याला. गिलरॉय हे कॅलिफोर्नियातलं लसणाचं गाव. गाडीच्या काचा बंद असल्या तरी तिथे फोडणीचा वास आत येतो, आणि दर खेपेला मला भूक लागते.

लेकीच्या बालनाट्यसंस्थेला त्या जत्रेत तीन शनिवार-रविवार मिळाले, दिवसाला तीन खेळ. नाटक शेक्सपियरचं ‘मॅकबेथ’, कापून कापून चाळीस मिनिटांचं केलेलं. नाटकातली माणसं या नाटकाचं नाव रंगमंचावर घेत नाहीत, अपशकुन मानतात. ‘ते स्कॉटलंडवालं’ म्हणतात. हे लेकीने मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की मीही घरात ‘ते स्कॉटलंडवालं’ म्हणायला लागले. जिच्या माहेरी नारळ फोडल्याशिवाय ट्रॅक्टरही सुरू करत नाहीत, तिने हसावं कशाला?

मला आधी हे सगळं नसतं खूळ वाटलं होतं. चांगलं सभागृह मिळत असताना मुलांना धुळीत कशाला नाचवायचं? तालमीच्या वेळी बाहेर गाडीत बसून मी जरा वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की मुलांचं नाटक या जत्रेत पाहुणं नाहीच, जत्राच मुळात त्यातून निघाली आहे. फिलिस पॅटरसन नावाची एक शिक्षिका होती, लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमध्ये राहणारी. १९६०च्या सुमाराला ती तिथल्या मुलांना नाटक शिकवायची, तेही स्वतःच्या घरामागच्या अंगणात. रंगभूमीचा इतिहास शिकवताना मुलांचा जीव जडला तो इटलीच्या ‘कॉमेदिया देल्लार्ते’वर. गाडीवर मंच लादून गावोगाव फिरणारे, मुखवटे घालणारे, लेखी संवाद नसलेले नट. त्या मुलांच्या खेळांतून फिलिस आणि तिचा नवरा रॉन यांना सुचलं की नुसती गाडी कशाला, तिच्याभोवतीचा अख्खा बाजारच उभा करू. १९६३च्या मे महिन्यात, दोन दिवस, नॉर्थ हॉलीवूडमध्ये पहिली जत्रा भरली. ती होती केपीएफके या रेडिओ केंद्राच्या मदतीसाठी. हे केंद्र जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. म्हणजे अंगणातली मुलं आणि वर्गणीवरचा रेडिओ, या दोघांची ही जत्रा. आज तिथे तलवारी विकत घेणाऱ्यांना हे ठाऊक असेल असं वाटत नाही.

‘लेखी संवाद नसलेले नट’ इथे मी गाडीत बसल्या बसल्या अडकले. कॉमेदियाची रीत अशी, की कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला. कोण कधी आत येतो, कोण कुणाला फसवतो, एवढं ठाऊक असलं की बाकी सगळं मंचावर उभं राहून, समोरच्या लोकांकडे बघून बोलायचं. हे तर मला पाठ होतं. माझं बालपण कुडाळच्या पलीकडच्या एका गावात गेलं. सातेरीच्या जत्रेला दशावतार असायचा आणि अण्णाकाका त्यात स्त्रीपार्टी होते.

कार्तिक लागला, भात झोडून झालं, की काका मिशी काढायचे. तोवर दोन बैलांमागे चिखलात उभा असलेला माणूस त्या रात्री तारामती होऊन यायचा. देवळासमोर मांडव, मधे एक बाकडा. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. आधी गणपती, मग शारदा, मग वेद चोरणारा संकासुर, आणि या संकासुराला वाटेल ते बोलायची मुभा. सरपंचापासून खाजेवाल्यापर्यंत समोर जो दिसेल त्याची तो मालवणीत चंपी करायचा. मध्यरात्रीनंतर खरं आख्यान. रंगपटात जाणता माणूस कथा सांगायचा, कोण कोणत्या सोंगात ते ठरायचं, आणि नट तोंड रंगवता रंगवता मनात संवाद जुळवायचे. वही नाही, कागद नाही. पहाट फुटेपर्यंत हरिश्चंद्र विकला जायचा आणि बायका पदराने डोळे पुसायच्या.

लोक मात्र उठून जायचे. हे मला चांगलं आठवतं. झोप आली, चहा प्यावासा वाटला, पोर रडलं, की गेले. आणि त्या हलत्या माणसांना काका परत खेचून आणायचे. एकदा शेजारच्या आवाठातली चार-पाच माणसं विडी ओढायला उठली तर तारामतीने आपला विलाप तसाच त्यांच्याकडे वळवला, ‘अहो, तुम्ही तरी या अभागिनीला सोडून जाऊ नका’. माणसं ओशाळून खाली बसली. आख्खा मांडव हसला आणि पुढच्याच ओळीला पुन्हा गप्प झाला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

सहावी-सातवीत गेल्यावर मात्र मला त्यांची लाज वाटायला लागली. वर्गातली मुलं ‘तुझी काकी काल काय नाचली’ म्हणायची. पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला गेले तेव्हा घरच्यांची चौकशी झाली की मी ‘काका शेती करतात’ एवढंच सांगायचे. खोटं नव्हतं. अमेरिकेत आल्यावर तर कुणी विचारायचाही प्रश्न नव्हता. आणि आता तीच विद्या शिकवायला मी लेकीला दर मंगळवारी-गुरुवारी पाऊण तास गाडी चालवून नेते आणि फीचा चेक वेळेवर देते. नवऱ्याला मी हे हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, ‘काकांना सांगितलंस का?’ नव्हतं सांगितलं.

तालमी गमतीच्या होत्या. आधी बोलण्याची शिकवणी. जत्रेतलं इंग्रजी असं खास काही नसतं, पण एक ठरावीक ढंग सगळ्यांना घोटवतात. मुलगी सकाळी मला ‘गुड मॉरो, मिस्ट्रेस’ म्हणून दुधाचा ग्लास उचलायची. मग कपडे. आत सुती लांब झगा, त्यावर दोन घागरे, वर आवळून बांधायची चोळी, डोक्याला टोपी, आणि हे सगळं पस्तीस अंश तापमानात. मुलं टोपीवरून कुरकुरली तेव्हा त्यांच्या बाईंनी त्यांना कायदाच ऐकवला: १५७१मध्ये इंग्लंडच्या संसदेने ठरवलं की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी आणि सणावारी देशात बनलेली लोकरीची टोपी घातलीच पाहिजे. टोप्या करणाऱ्यांचा धंदा चालावा म्हणून. चेटकिणींना हा कायदा लागू होतो का, असं लेकीने विचारलं. उत्तर मिळालं नाही, टोपी मिळाली.

मला जास्त रस वाटला तो त्या काळच्या बालनटांच्या गोष्टीत. एलिझाबेथच्या लंडनमध्ये निव्वळ मुलग्यांच्या नाटक कंपन्या होत्या, सेंट पॉल्सच्या गायकमुलांची एक, राजघराण्याच्या प्रार्थनामंदिराची दुसरी. ही दुसरी ब्लॅकफ्रायर्सच्या नाट्यगृहात खेळ करायची. चांगल्या गळ्याची मुलं राणीच्या गायकवृंदासाठी उचलून आणायचा परवाना तिच्या चालकाकडे होता, आणि त्याच्या जोरावर नाटकासाठीही मुलं उचलली जात. १६००च्या डिसेंबरात टॉमस क्लिफ्टन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेत जाताना असा पळवून नेला. बाप वजनदार होता, त्याने धावपळ करून पोराला सोडवलं आणि पुढे तक्रार गुदरली, म्हणून ही हकीकत कागदावर राहिली. ज्यांचे बाप वजनदार नव्हते त्यांचं काय झालं असेल? त्याच कंपनीतला सॉलोमन पेव्ही हा मुलगा १६०२मध्ये तेराव्या वर्षी वारला. म्हाताऱ्यांच्या भूमिका तो इतक्या हुबेहूब करायचा, की दैवाने त्याला खरोखरच म्हातारा समजून उचललं, असं नाटककार बेन जॉन्सनने त्याच्या मृत्युलेखाच्या कवितेत लिहिलंय. हे मी संस्थेच्या परवानगीपत्रावर सही करताना वाचत होते. सात पानं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, ऊन बाधतं का, फोटो काढले तर चालतील का. तेराचं पोर समोर सोफ्यावर लोळत होतं. मी सातही पानं दोनदा वाचली.

पहिल्या शनिवारी आणखी एक गोष्ट झाली. खेळानंतर डोक्यावर पिसाची टोपी चढवलेल्या एका प्रेक्षकाने, अगदी गोड आवाजात, लेकीला विचारलं की त्या काळात इंग्लंडमध्ये हिंदुस्थानी माणसं होती का? त्याचा हेतू वाईट नव्हता. अशा जत्रांत ‘हे त्या काळचं नाही’ म्हणणारा एक वर्ग असतोच, आपल्याकडे मसाल्यात काही वेगळं पडलं की ‘हे मालवणी नव्हे’ म्हणणारा असतो तसा. (मालवणी जेवणातली मिरची पोर्तुगीजांनी आणलेली, हे त्याला कुणी सांगायचं नाही.) लेक म्हणाली, ‘मी चेटकीण आहे, माणूस नाही,’ आणि पळाली. उत्तर झकास होतं, पण परतीच्या वाटेवर ती गप्प होती.

रात्री मी तिला तिच्याच संवादातली एक ओळ दाखवली. तिची चेटकीण एका खलाशाच्या बायकोवर चिडलेली असते आणि म्हणते, हिचा नवरा अलेप्पोला गेलाय, ‘टायगर’ जहाजाचा कप्तान म्हणून. या नावाचं जहाज खरोखर होतं. फेब्रुवारी १५८३मध्ये राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी सोबत्यांसह ‘टायगर’वर बसून निघाला, सीरियाच्या किनाऱ्याला लागला आणि तिथून अलेप्पोला गेला. बरोबर राणीने अकबर बादशहाला लिहिलेलं पत्र. पुढे होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं आणि आणून टाकलं ते थेट गोव्याच्या तुरुंगात. तिथून त्यांना जामिनावर सोडवायला धावला एक इंग्रज जेझुइट पाद्री. तो १५७९पासून गोव्यातच होता. थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपले ‘ख्रिस्तपुराण’वाले फादर स्टीफन्स, मराठीला रत्नांमधल्या हिऱ्याची उपमा देणारे. फिच आणि त्याचा सोबती न्यूबेरी १५८४च्या एप्रिलमध्ये गोव्यातून निसटले आणि बेळगाव, विजापूर करत उत्तरेला गेले. म्हणजे तुझ्या आजोळापासून एका दिवसाच्या वाटेवरून गेले असतील, मी म्हटलं.

लेकीने नकाशा काढून बघितला. मग म्हणाली, ‘म्हणजे त्या टोपीवाल्याला मी हे सांगू?’

‘त्याला कशाला? तू बोलताना तुला माहीत असलं म्हणजे झालं.’

हे बोलून मी जरा शहाणपणाच केला. नाटक अशा माहितीवर चालत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. रविवारचा पहिला खेळ आदल्या दिवसासारखाच पडला. अलेप्पोची ओळ तिने फार अर्थपूर्ण म्हटली, आणि समोरचे दोघे उठून गेले. तिच्या बाई मंचामागे मुलांना एवढंच म्हणाल्या, की पाठीकडे बघू नका, जे बसलेत त्यांच्याशी बोला.

दुपारच्या खेळाला सावली जराशी सरकली होती म्हणून थोडी जास्त माणसं टेकली होती. पहिल्याच रांगेतल्या गवताच्या गठ्ठ्यावर एक जाडजूड बाई कागदाच्या पुड्यातले दालचिनी-साखरेचे गरम बदाम खात बसलेली, शेजारी नवरा. आता, ती चेटकीण चिडते कशावरून? तर खलाशाची बायको ओटीत चेस्टनट घेऊन कचाकचा खात बसलेली असते, चेटकीण ‘मला दे’ म्हणते आणि बाई तिला हाकलून लावते. लेक ही ओळ रोज हवेत बघून म्हणायची. त्या दुपारी ती मंचाच्या कडेला आली, उकिडवी बसली, आणि त्या बदामवाल्या बाईच्या डोळ्यांत बघून तीच ओळ म्हणाली. कचाकचा, कचाकचा, कचाकचा. बाईचा हात तोंडाशीच थांबला. लोक हसायला लागले. लेकीने तळवा पुढे केला: ‘मला दे.’ बाईने मुकाट्याने पुडा पुढे धरला.

आता पंचाईत. नाटकात बाई देत नाही, म्हणून तर पुढचा शाप. लेक क्षणभर थबकली, मी श्वास धरला. तिने एक बदाम उचलला, चावला, तोंड वाकडं केलं, आणि मग सावकाश मान वळवून शेजारच्या नवऱ्याकडे बघितलं. हिचा नवरा अलेप्पोला गेलाय! नवरा बिचारा दोन्ही हात वर करून ‘मी इथेच आहे’ म्हणाला, आणि मागच्या वाटेवरून जाणारी माणसं काय चाललंय ते बघायला थांबली. बॅगपाइप त्याही खेळाला आला. कुणी उठलं नाही असं नाही, चौघं गेली. पण सहा आली.

खेळ संपल्यावर टोपी फिरवायची असते, या जत्रांत नटांची कमाई बरीचशी तीच. आमच्या मुलांची टोपी संस्थेच्या खर्चाला. दशावतारात आरतीचं ताट असंच मांडवातून फिरायचं, आणि काका सांगायचे, ताट फिरवणाऱ्याने कधी पैशाकडे बघू नये, माणसाच्या तोंडाकडे बघावं. बदामवाल्या बाईने टोपीत पाच डॉलर टाकले आणि वर उरलेला पुडाही ठेवला. बाकीच्या चेटकिणींनी तो गाडीत बसायच्या आधीच संपवला.

त्या रात्री, म्हणजे कोकणातल्या सोमवारी सकाळी, मी काकांना व्हिडिओ पाठवला आणि मग फोन लावला. काका आता ऐंशीला टेकलेत. मिशी पांढरी झाली आहे आणि आता ती कार्तिकातही तशीच राहते. इतक्या वर्षांत त्यांच्याशी नाटकाबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते, त्यामुळे सुरुवात कशी करावी ते मला कळेना. ती मी केलीच नाही, लेकीच्या हातात फोन दिला. तिने आपल्या तोडक्यामोडक्या मराठीत चेटकीण, बदाम, अलेप्पो असं सगळं सांगितलं. इंग्रजी संवाद त्यांना काय कळणार, पण व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला होता.

‘लोक उठान गेले?’ त्यांनी पहिलं हेच विचारलं.

‘चार गेले,’ लेक म्हणाली. ‘सहा आले.’

‘बरा झाला.’ मग जरा वेळ नुसता खरखराट. ‘पण सूर्याक पाठ करून उबी रव नको गो बाय. तोंड दिसणा नाय. आनि बाकडो खंय तुमचो?’

लेकीने माझ्याकडे बघितलं. बाकडो म्हणजे काय ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे बाकडा नाही, गवताचे गठ्ठे आहेत. मग गठ्ठो घी, काका म्हणाले, त्येच्यार एक पाय ठेव, मागच्या माणसाक दिसतला.

पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा धुकं नुकतं विरलं होतं, लोहाराने भट्टी पेटवली नव्हती. मुलं कपडे चढवत होती. लेक अर्धी चोळी बांधलेल्या अवस्थेत प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतला एक गठ्ठा ओढत मंचाकडे नेऊ लागली. तो तिच्याएवढाच जड असावा. तिच्या बाई लांबून बघत होत्या. त्यांनी हाक मारून विचारलं, तो कशाला? लेक सूर्य कुठे आहे ते बघत होती. गठ्ठा मंचाच्या पश्चिम टोकाला लावून तिने त्यावर एक पाय ठेवला, पुन्हा आभाळाकडे बघितलं, आणि तो आणखी दोन वीत पुढे सरकवला.